घड्याळाच्या नावाचे धान

भिलाईची जगाला ओळख झाली ती लोखंडामुळे. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, आणि दुर्गच्या शेजारचे हे गाव शाळेच्या भूगोलात जाऊन बसले. परंतु ज्या भुईवर या भट्ट्या उभ्या राहिल्या ती मूळची धानाची. छत्तीसगढला ‘धान का कटोरा’ म्हणतात. कारखान्याची वसाहत ओलांडून कोणत्याही दिशेने थोडे चालत गेले की आजही बांधांनी आखलेली शेते सुरू होतात. भाद्रपदात त्यांचा हिरवा रंग धुराड्यांच्या पायथ्याशी येऊन थांबल्यासारखा दिसतो.

या शहरात माणसे देशभरातून आली. विदर्भाच्या पूर्वेकडील झाडीपट्टीतूनही पुष्कळ आली. भंडारा, गोंदिया, चांदा हा मुलूख तसा दूर नाही. दुर्गहून राजनांदगाव, डोंगरगढ करीत गाडी गोंदियाला पोहोचते आणि तेथून एक फाटा नागभीडवरून चांद्याकडे उतरतो. माझे वडील याच वाटेने उलट दिशेने आले. गावी त्यांच्यामागे दोन बांध्या, एक बोडी आणि वाटण्यांचे भांडण राहिले. येथे त्यांना मिळाली पाळी, क्वार्टर आणि भोंगा. शेतकऱ्याचा दिवस सूर्याकडे पाहून उगवतो. कामगाराचा दिवस घड्याळाकडे पाहून. वडिलांच्या मनगटावरचे एचएमटीचे घड्याळ रोज ठरल्या वेळी किल्ली देऊनच उशाशी जाई. सरकारी कारखान्यातल्या माणसाने सरकारी कारखान्यातलेच घड्याळ बांधावे, यात त्यांना एक सुसंगती वाटत असावी.

पुढे हीच तीन अक्षरे आमच्या स्वयंपाकघरात आली. दुकानदार म्हणू लागला, ‘एचएमटी घ्या, बारीक आहे.’ आई सुपात तांदूळ घोळवताना दाणा बोटांत धरून पाही आणि म्हणे, ‘हा आपल्याकडचा दिसतो.’ ‘आपल्याकडचा’ म्हणजे झाडीपट्टीचा. तिच्या बोलण्याला माहेरच्या ओढीपलीकडे काही आधार असेल असे आम्हांला वाटले नव्हते. पण तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तो दाणा नागभीड तालुक्यातल्या नांदेड या लहानशा गावी, दादाजी रामाजी खोब्रागडे या शेतकऱ्याच्या शेतात जन्मला होता.

दादाजींना मी कधी भेटलो नाही. जे कळले ते छापून आलेल्या मजकुरातून आणि त्या भागातल्या माणसांच्या तोंडून. दलित कुटुंबातला जन्म, तिसरीपर्यंतचे शिक्षण, एवढीशी शेती आणि तीवर चालणारा संसार. झाडीपट्टीतल्या हजारो माणसांची गोष्ट येथवर अशीच सांगता येईल. वेगळेपण १९८३ साली सुरू होते. शेतात ‘पटेल-३’ हे धान उभे होते. त्यात काही लोंब्या दादाजींना निराळ्या दिसल्या. त्यांच्या दाण्याला पिवळसर झाक होती. कापणीच्या घाईत अशा लोंब्या इतरांच्या विळ्याखालून मुकाट्याने जातात. दादाजींनी त्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या. पुढच्या पावसाळ्यात शेताच्या मध्यभागी चिमुकल्या तुकड्यात ते दाणे पेरले आणि रानडुकरांच्या भयाने सभोवती काटेरी झुडपे रचली. वर्षामागून वर्षे हेच चालले: पेरणे, निरखणे, बरे तेवढे ठेवणे, उरलेले टाकणे. दाणा बारीक, भात चवीला चांगला आणि उताराही अधिक, याची खात्री पटायला पाचेक हंगाम गेले.

१९९० च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने हे बियाणे चार एकरांत लावले. माल तळोधीच्या बाजारात गेला. वाणाला नाव नव्हते. व्यापाऱ्याने त्या दिवसांत सर्वांच्या मनात भरलेल्या घड्याळाचे नाव त्याला देऊन टाकले. एचएमटी! ज्याने सात वर्षे डोळ्यांत तेल घालून दाणा राखला त्याला नाव ठेवण्याचा मान मिळाला नाही. तो वजनकाट्यापाशी बसलेल्या माणसाला मिळाला. बाजाराची रीत हीच आहे, आणि म्हणूनच ती खटकते.

१९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे नेले, आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसृत झाला. विद्यापीठाची भूमिका अशी की मूळ बियाणे भेसळीचे होते, ते शुद्ध करण्याचे काम शास्त्रज्ञांनी केले. दादाजींचे म्हणणे, वाण माझा, श्रेय मला मिळाले नाही. शुद्धीकरणाचे श्रम खोटे नव्हेत. पण जे शुद्ध करायचे ते आधी कुणाला तरी दिसावे लागते, आणि ते एका अल्पशिक्षित शेतकऱ्याला दिसले होते. शेतकऱ्याने निर्माण केलेला वाण त्याच्या नावे नोंदवता येईल असा कायदा आपल्याकडे २००१ साली झाला. तोवर एचएमटी रानोमाळ पसरले होते.

आमच्या छत्तीसगढलाही हे दुःख परके नाही. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपूरला बसून गावोगावचे हजारो देशी धानवाण गोळा केले. त्यांची धारणा अशी होती की शेतकरी हाच पहिला पैदासकार. येथला शेतकरी अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी बियाणे ठाकुरदेवापुढे नेतो आणि मगच पेरणीची गोष्ट बोलतो. पौषी पौर्णिमेला छेरछेरा मागत पोरे दारी येतात, तेव्हा नव्या धानाची ओंजळ नाकारणारे घर सहसा आढळत नाही. या श्रद्धेला अडाणीपणा म्हणण्याची घाई करू नये. बियाणे ही विकत आणलेली वस्तू नसून मागच्याने सोपवलेली ठेव आहे, हे त्या विधीतून पोराबाळांना न शिकवता कळते.

दादाजींच्या भाविकपणाचा विचार मी याच अंगाने करतो. सावता माळ्याने मळा सोडून पंढरी गाठली नाही, असे आपली परंपरा सांगते. दादाजींचा पंथ वेगळा असेल, पण बांधीच्या चिखलात रोज वाकून एकेका लोंबीचे मुख न्याहाळणे ही उपासनाच होय. तिची परीक्षाही झाली. घरच्या आजारपणात जमीन विकावी लागली. पुढे नातलगाने दिलेल्या दीड एकरावर प्रयोग चालू राहिले. संसारासाठी जमीन सोडली, जमिनीसाठी संसार सोडला नाही, आणि बियाणे तर कधीच सोडले नाही. नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपकरत्न असे आणखी वाण त्यांच्या हातून घडले. एकाचे नाव डीआरके. ती त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. व्यापाऱ्याने हिरावलेला नामकरणाचा अधिकार त्यांनी असा शांतपणे परत घेतला.

सन्मान आले, पण ते पोटाला पुरले नाहीत. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण भारतातल्या कर्तबगार उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिले. अखेरची वर्षे अर्धांगवायूत गेली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये, एकोणऐंशीच्या घरात, त्यांनी देह ठेवला. मृग नक्षत्र चार दिवसांवर होते. त्यांच्या मुलखात पऱ्ह्यांसाठी बियाणे काढून ठेवण्याची ती वेळ.

एचएमटीचा घड्याळांचा कारखानाही आता इतिहासजमा झाला आहे; २०१६ साली तो बंद करण्याचा निर्णय झाला. वडिलांचे घड्याळ कपाटात आहे, त्याला किल्ली देणारे कुणी नाही. भिलाईच्या नव्या पिढीला ही तीन अक्षरे माहीत आहेत ती केवळ तांदळाची म्हणून. किराण्याच्या दुकानात पोत्यावर पाटी खोचलेली असते. तीवर वाण असतो, भाव असतो. दादाजींचे नाव नसते. म्हणून घरात पाहुणा जेवायला बसला आणि भाताची वाखाणणी करू लागला, की मी त्याला नांदेडचा पत्ता सांगतो. तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर.