शिर्डीची पंगत

प्रवासवर्णनांतून देवळांची शिखरे पुष्कळ भेटतात. स्वयंपाकघरे मात्र क्वचितच. शिर्डीहून परतलेला मनुष्य समाधिमंदिराच्या आणि द्वारकामाईच्या गोष्टी रंगवून सांगतो, पण जिथे पोटभर जेवला ते प्रसादालय एका वाक्यात उरकतो. वास्तविक नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात पाहण्यासारखे जे जे आहे, त्यात या भोजनशाळेचा क्रम बराच वर लागावा.

तिचे मूळ दोन हंड्यांत आहे. दाभोळकरांच्या ‘साईसच्चरिता’त साईबाबांच्या पाकसिद्धीचे वर्णन आले आहे. बाबा स्वतः बाजारात जात, धान्य पारखून घेत, रोख दाम मोजत आणि मसालाही आपल्या हाताने वाटीत. लहान हंडी पन्नास माणसांची, मोठी शंभरांची. आणि गंमत अशी की, हा यजमान स्वतः जगत होता तो गावातल्या घरांपुढे झोळी पसरून मिळालेल्या भाकरतुकड्यावर! १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, बाबांनी देह ठेवला. हंडी मात्र थंड झाली नाही. भक्तांच्या देणग्यांवर ती वाढतच गेली आणि आज रोज हजारो माणसे तिच्यावर जेवतात.

आम्ही गेलो तो नेमका सुट्टीचा दिवस. रांग पाहून आमच्या कुटुंबाने ‘बाहेर कुठे तरी खाऊन घेऊ’ असे सुचविले. पण रांग पाण्यासारखी पुढे सरकत होती. आत लांबच लांब टेबले आणि त्यांवर स्टीलची खणाखणांची ताटे. बसेपर्यंत वाढपी हजर! चपाती, वरण, भात, दोन भाज्या आणि थोडे गोड. चव घरच्यासारखी म्हणणार नाही. लग्नघरची म्हणेन, आणि तीही वेळेवर वाढलेल्या लग्नातली. शेजारी परभणीकडच्या एक आजी बसल्या होत्या. आमची मंडळी दुसरी चपाती घ्यायला संकोचताना पाहून त्या म्हणाल्या, “घे गं बाय, लाजू नको. इथं कुणी मोजीत नाही.”

जपानात रामेन नावाच्या शेवयांच्या गरमागरम रश्शाची दुकाने असतात. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी दारातल्या यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची, फळीशी खांद्याला खांदा लावून बसायचे, वाडगा रिकामा करायचा आणि मागच्यासाठी उठायचे, अशी रीत आहे. गर्दीला स्वस्तात आणि गरम जेवू घालायचे, तर जगात कुठेही थोडी शिस्त लागतेच. फरक इतकाच, की तिथे चिठ्ठीला पैसे पडतात. इथे पूर्वी नाममात्र शुल्क असे, पुढे तेही गेले.

एवढा स्वयंपाक शिजतो कशावर, हा प्रश्न गृहिणींना पडेलच. २००९ साली इथे सूर्यशक्तीवर वाफ करण्याची योजना उभारण्यात आली. छपरावर आरशांची ७३ अंतर्वक्र तबके, प्रत्येक १६ चौरस मीटरचे. सूर्य सरकेल तसे तबक वळते, किरण एका जागी गोळा करते आणि त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. ती नळांतून खाली स्वयंपाकघरात येते आणि डाळ-तांदूळ शिजवते. ढगाळ दिवसासाठी बॉयलरची सोय आहेच. नगरच्या ज्या उन्हाला पिढ्यान्‌पिढ्या शिव्याच मिळाल्या, त्याला असे कामाला लावलेले पाहून मोठे समाधान वाटते!

पण २०२५ च्या आरंभी या पंगतीवर वाद माजला. फुकट अन्नामुळे गावात भिकारी गोळा होतात, अशी जाहीर तक्रार झाली. पाठोपाठ फेब्रुवारीत संस्थानाने कूपनाची पद्धत आणली: दर्शन घेऊन निघताना कूपन घ्यायचे आणि ते दाखवून जेवायचे. जेवण मोफतच राहिले.

गावकऱ्यांची काळजी खोटी नव्हे. दारू पिऊन आलेला मनुष्य लेकुरवाळ्या बाईशेजारी बसू नये, हे कोणीही मान्य करील. हजारोंच्या पंगतीला हिशेबही हवा. परंतु कूपनाने ‘किती जण?’ एवढेच विचारावे, ‘कोण?’ असे ते विचारू लागले, तर पंगत संपली आणि खानावळ सुरू झाली, असे समजावे. ज्याच्या नावाने हे अन्न शिजते तो स्वतः झोळी घेऊन फिरला होता. त्याच्या दारी भिकारी कोणाला म्हणायचे? आणि आम्ही शहरातली पांढरपेशी मंडळी तरी तिथे काय विकत घेऊन जेवतो?

तेव्हा शिर्डीला जाल त्या दिवशी मुलांना घेऊन अवश्य या रांगेत उभे राहा. शेजारी कोण बसते याची निवड करू नका. पोटभर जेवा, ताटात टाकू नका, आणि उठताना अन्नदानाच्या खिडकीवर जमेल ते देऊन या. म्हणजे तुमच्या जागी येणाऱ्याची चपाती कोणाला मोजावी लागणार नाही.