जुन्या घरी नवे बिऱ्हाड

बदलीच्या नोकरीत माणसाला आणखी काही मिळो न मिळो, सामान बांधण्याची विद्या मात्र हमखास मिळते. काय बरोबर न्यावे, काय वाटून टाकावे आणि काय विसरावे, याचे एक काटेकोर शास्त्र आम्हां परमुलखातील नोकरमाणसांपाशी असते. त्या शास्त्रानुसार आमचा २००७ सालचा संगणक जबलपूर सोडतानाच भंगारात जावयास हवा होता. तो रायपूरला आला, आणि तेथून कटकलाही आला. “अहो, हे धूड आणखी किती बदल्यांत वाहायचे?” असे सौभाग्यवतींनी दोन्ही वेळा विचारले, आणि दोन्ही वेळा स्वतःच्या हातांनी त्याला रजईत गुंडाळले.

कारण त्या यंत्रात आमच्या आईच्या आठवणी होत्या. अखेरची दोन वर्षे ती आमच्यापाशी होती. संध्याकाळी ती सांगे आणि आम्ही टंकित करीत असू : दापोलीकडचे माहेर, आगोटीची धांदल, जात्यावरच्या ओव्या. तो मजकूर त्या काळच्या एका मराठी प्रणालीत आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. परंतु अशा जुन्या प्रणाली रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवून काम भागवीत. तो विशिष्ट टंक ज्या यंत्रात नाही, तेथे आईची ओवी उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. म्हणून घरात नवा संगणक आला, तरी जुन्यास निवृत्ती मिळाली नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली. आत मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चकत्यांवरील मजकूर वाचणाऱ्या काट्यास आपली जागा सापडेनाशी झाली, की तो मागे येऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. त्याचा तो आवाज. सीडीवर काढलेली प्रत दमट हवेने आधीच निकामी केली होती. अशा वेळी यंत्र पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. आम्ही तो आवरला.

चिरंजीवांनी नवी हार्ड डिस्क पाठविली, ती ४ टेराबाइटची. १९५६ साली आय.बी.एम.ने बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात २४ इंची ५० चकत्या मिळून ५० लाख अक्षरे मावत. ही तळहाताएवढी वस्तू त्याच्या लक्षावधी पटींची! पण जुन्या यंत्राला इतके मोजताच येत नाही. त्याच्या जागावहीत प्रत्येक खणाचा क्रमांक ३२ द्विमान अंकांत लिहावा लागतो. म्हणजे खण झाले सुमारे ४२९ कोटी, आणि ५१२ बाइटांचा एक खण धरला, तर हिशेब २.२ टेराबाइटांशी संपतो. पुढचे दालन असूनही नसल्यासारखेच.

दुकानातील तरुण मिस्त्रीने मान डोलावली. आधी आईच्या फायली, मग उरलेले सारे, असा क्रम त्याने ठरविला. मरणोन्मुख डिस्ककडून पहिले काम सर्वांत मोलाचे करून घ्यावे, हे त्याचे सूत्र. रात्रभर नक्कल चालली. जुनी डिस्क ८० गिगाबाइटची. नव्या वाड्याच्या पन्नासाव्या हिश्शात ते बिऱ्हाड जसेच्या तसे उतरले. मग दोन तारा जोडल्या, चार स्क्रू आवळले, आणि पडद्यावर तेच जुने निळे आकाश उमटले.

एकोणीस फायलींपैकी अठरा उघडल्या. अक्षरे मराठीच होती. एकोणिसावी, ओव्यांची, वाचता आली नाही. तिचे खण झिजले होते. मिस्त्रीने तीनदा प्रयत्न करून हात जोडले.

उरलेल्या अठरा आम्ही युनिकोडमध्ये उतरवीत आहोत, आणि एकेक प्रत दापोलीस भावाकडे धाडीत आहोत. यापुढे मजकूर यंत्राच्या आयुष्यावर अवलंबून राहू नये. ओव्यांची फाइल मात्र गेली, असे आम्ही धरून चाललो होतो. परवा स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “लिहून घेता का? मला बऱ्याच येतात. सासूबाई सांगत, तेव्हा मी भाजी निवडत बसलेली असे.”

आतापर्यंत सव्वीस झाल्या आहेत.