आकाश आणि अकरावीचा फॉर्म

दहावीचा निकाल लागला की आमच्या शहापूर-मुरबाडकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं. "मुलीला आर्ट्सला घालू, लांबचं कॉलेज नको." कलाशाखेला मी नावं ठेवणार नाही. मी स्वतः मराठी माध्यमातून बीए झाले, त्यावरच घर चाललं. पण जिला गणित आवडतं तिलाही आपण तिकडेच ढकलतो, हे मनाला लागतं.

मंडळी, सौदामिनी देशमुख आठवतात का? १९८५ साली कॅप्टन देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकात्याहून सिलचरला फॉकर विमान नेलं. विमानात सगळा कर्मचारीवर्ग बायकांचा! २०१९ च्या चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता होत्या आणि मोहीम संचालक रितू करिधाल. आणि २०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

शाळेच्या कार्यक्रमात आपण कल्पना चावलाचा फोटो लावतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन मुलीचं गणित सोडवतो, म्हणजे सोडायला लावतो! एनडीएतून हवाई दलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. इस्रोत इंजिनिअर व्हायचं तरी पाया तोच. म्हणजे मुलीचं आकाश ठरतं ते अकरावीच्या फॉर्मवर.

खर्चाचं म्हणाल तर खासगीत वैमानिक होणं लाखांच्या घरात जातं, ते खरंच. पण एनडीएचं प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं. त्याच्या तयारीसाठी नाशिकला मुलींची सरकारी संस्था २०२३ पासून सुरू आहे, कसारा घाट ओलांडला की पलीकडेच. इस्रोचा 'युविका' कार्यक्रम नववीच्या मुलांसाठी असतो आणि त्यात खेड्यातल्या शाळेतल्या मुलांना जादा गुण मिळतात. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पासही फुकट आहे.

राहिला प्रश्न येण्याजाण्याचा. मुरबाडला अजून रेल्वे धावत नाही आणि संध्याकाळची एसटी चुकली की आईचा जीव टांगणीला लागतो. ही भीती खोटी नाही. पण तिचा उपाय शाखा बदलणं नव्हे. चार घरच्या मुली एकत्र जाऊ शकतात, कल्याणच्या मावशीकडे दोन वर्षं राहू शकतात. आपल्या नात्यात एवढी घरं आहेत, ती कधी उपयोगी पडायची?

तेव्हा यंदा फॉर्म भरण्याआधी एवढंच करा. तिला समोर बसवा आणि विचारा, "बाळा, तुला कोणता विषय आवडतो?" आणि ती सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.