लंगडणारं घड्याळ

आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ मी गिरगावातून पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि ते बंद पडलं. लंबक हाताने हलवला की दहा मिनिटं चालायचं, मग थांबायचं. एका दुकानात सांगितलं, मशीन काढून सेलवालं बसवा. मी तसाच परत आलो.

शेवटी एक म्हातारे कारागीर घरी आले. पेटी न उघडताच त्यांनी लंबकाला झोका दिला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. "अहो, हे लंगडतंय. टिक आणि टक यांच्यात सारखं अंतर नको का?" लंबकाला जोडलेला आकडा दातेरी चाकाचा एकेक दात सोडतो. पेटी तिरकी टांगली, की एक दात लवकर सुटतो, पुढचा उशिरा, आणि लंबकाला मिळणारा नेमका धक्का हुकतो. त्यांनी पेटीचं खालचं टोक बोटभर सरकवलं. चाल सरळ झाली. मग मशीन उतरवून रॉकेलने धुतलं, चाकांच्या आसांना टाचणीच्या टोकाने तेल लावलं. दात मात्र कोरडेच ठेवले. तेलाला धूळ चिकटते आणि ती पितळ खाते.

एवढा कान मी आजोबांकडेही पाहिला नव्हता, पण माया तीच. दर रविवारी पूजा झाली की ते स्टुलावर चढत आणि दोन भोकांत चावी फिरवत, एक चालीची, एक ठोक्यांची. सांगत, की त्यांच्या तरुणपणी गिरगावात दोन वेळा नांदत होत्या. रेल्वे 1906 पासूनच्या प्रमाणवेळेने धावे, तर महापालिका मुंबई वेळ पाळत होती, 39 मिनिटं मागे. हे घड्याळ मुंबई वेळेवर असे. गाडी गाठायची तर 39 मिनिटं मनात मिळवायची. सूर्य माथ्यावर आला की बारा वाजावेत, ही त्या वेळेची रीत मला आजही रास्त वाटते.

आता चावी मी देतो. लंबकाची दांडी लोखंडी आहे. उन्हाळ्यात 10 अंशांनी तापली की ती किंचित लांबते आणि घड्याळ दिवसाला सुमारे 5 सेकंद मागे पडतं. म्हणून एप्रिल लागला की लंबकाखालची चक्री मी केसभर वर फिरवतो, आणि दिवाळीनंतर तेवढीच खाली.

तुमच्या माळ्यावर असं घड्याळ असेल, तर मशीन काढू नका. आधी ते सरळ टांगा आणि ऐका.