गाडी गेटवर उभी असताना

चि. सोनू,


चाकणच्या कंपनीतून क्वालिटीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं म्हणे. आणि दादा सांगतोय, "विचारतील तेवढंच बोल, उगाच चौकशा नकोत." त्याचं मनावर घेऊ नकोस. तो सरकारी नोकरीत लागला तेव्हा पगारश्रेणीपासून सगळं जाहिरातीतच छापलेलं होतं. तुझ्या हातात एक ई-मेल आहे, आणि तीत निम्मी विशेषणंच.

शेवटी ते म्हणतील, "तुम्हाला काही विचारायचंय?" तेव्हा कंपनीचं व्हिजन वगैरे विचारू नकोस, ते रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेममध्ये असतं. ज्याच्या उत्तराने तुझा होकार-नकार बदलू शकेल, तेच विचार.

क्वालिटीत माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून मी असते तर आधी हे विचारलं असतं: "डिस्पॅचची गाडी गेटवर उभी आहे आणि लॉटमध्ये मला दोष सापडला, तर माल अडवायचा की नाही हे कोण ठरवतं?" वाहनांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांकडे बहुधा आयएटीएफ १६९४९ चं प्रमाणपत्र असतं. दर्जाची जबाबदारी ज्यांच्यावर, त्यांना उत्पादन आणि रवानगी थांबवायचा अधिकार हवा, असं त्या मानकातच आहे. त्यामुळे पहिलं उत्तर सगळीकडे गोडच मिळेल. तू तिथे थांबू नकोस. लगेच विचार, "असं शेवटचं कधी झालं होतं?" विभागप्रमुख जर सांगू लागले, की कुठला पार्ट होता, रीवर्कला किती वेळ गेला, कस्टमरला फोन कोणी केला, तर त्या माणसाच्या हाताखाली शिकायला मिळेल. "आमच्याकडे असं होतच नाही" म्हणाले तर जपून. महिनाअखेरीला जिथे असं होत नाही, असा कारखाना मी तरी पाहिला नाही.

मग हेही विचार, की ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेलंय. गेलेला माणूस बढतीवर दुसऱ्या खात्यात गेला असेल तर ते आपणहून, खुशीत सांगतात.

पैशाचं विभागप्रमुखांना विचारू नकोस, ते एचआरला विचार. सीटीसीच्या आकड्यात बहुतेकदा कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीही असते, आणि ती काही दरमहा मिळत नाही. म्हणून सरळ विचार, "हातात किती येतील?" नेमणूकपत्र कंपनीचं की ठेकेदाराचं? बाँड आहे का? तिसऱ्या पाळीला मुलींना बोलावत असतील तर गाडी घराच्या दारापर्यंत सोडते की नाशिक फाट्यावर उतरवते? हे विचारताना लाजायचं काही कारण नाही. आणि नाक मुरडणारा एचआर भेटलाच, तर तेही कळलेलं बरं.

बाहेर पडलीस की लगेच रिक्षा शोधू नकोस. पहिली पाळी सुटायच्या सुमारास गेटसमोरच्या टपरीवर चहा घे. तिथल्या एखाद्या दादाला विचार, पगार कितव्या तारखेला जमा होतो आणि ओव्हरटाइमचे पैसे वेळेवर मिळतात का. जाताना कागदपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स घे, आणि संध्याकाळी फोन कर. आधी मला, मग दादाला.

तुझी,
आत्या