पोचे काढणारे हात

आपल्या शाळेत शिकलेल्या अनेकांचे आईवडील हातांनी राबणारे होते. माझे वडील अपघातात चेपलेल्या मोटारींचे पोचे काढीत. पद्मिनी आणि अँबॅसडर या गाड्यांवर त्यांची विशेष माया होती. त्यांचा पत्रा जाड आणि ठोक्याला दाद देणारा.

पोच्याच्या मध्यावर घाव घालायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. तसे केल्यास पत्रा ताणून फुगतो. कडेला उमटलेला उंचवटा आधी बसवायचा, मग हळूहळू आत सरकायचे. आतून लोखंडी डॉलीचा आधार आणि बाहेरून हलका हातोडा. ताणलेला पत्रा तेवढ्याच जागी लाल होईपर्यंत तापवून ओल्या फडक्याने थंड केला की आक्रसतो. डोळ्यांना न दिसणारा उंचसखलपणा वडील तळहात फिरवून ओळखत.

खड्ड्यात लांबी भरून वरून रंग मारणे स्वस्त पडते. परंतु जाड थर पुढे तडकतो, पाणी मुरते आणि आतला पत्रा गंजतो. वडील लांबी वापरीत, ती केवळ शेवटच्या पातळ हातापुरती. म्हणून काही गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. त्यांनी पद्धत बदलली नाही.

माझ्या शिक्षणाचा खर्च त्या ठोक्यांतून निघाला आणि त्याच ठोक्यांनी त्यांचे कान गेले. आता त्यांच्याशी बोलायचे ते मी कागदावर लिहून देतो. शाळेने शिकवलेली अक्षरे अशी रोज कामी येतात. ही स्मरणिका हाती येताच प्रथम त्यांच्यापुढे ठेवणार आहे.