लेखणीसमोर बसलेले मूल

लेखक लिहायला बसतो तेव्हा त्याच्या मनात एक वाचक असतो, आणि हा वाचक पुष्कळदा त्याच्याच लहानपणातून आलेला असतो. जेवायला हाका आल्या तरी हातातून सुटत नव्हते, असे एखादे पुस्तक प्रत्येक वाचणाऱ्याला आठवते. तसेच काही आपल्या हातून कुणा मुलाला मिळावे, ही ओढ पुढे लिहायला लावते.

मराठीत ही ओढ पिढ्यान् पिढ्या जागती ठेवली मुलांच्या मासिकांनी. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ काढले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ आला.

साने गुरुजींचे वाचक तर रोज डोळ्यांसमोर असत. अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिताना ती मुले जवळ नव्हती. तरीही पुस्तकाची घडण राहिली ती श्यामने रात्री आश्रमातल्या सोबत्यांना सांगितलेल्या आठवणींचीच. ऐकणारे समोर बसले आहेत असे धरून लिहिल्यामुळे त्या गद्यात सांगण्याची ऊब आहे.

भा. रा. भागवतांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा त्यांनी मराठी मुलांसाठी आणल्या, १९५१ मध्ये ‘बालमित्र’ सुरू केले. चंद्रावर स्वारी करणारे व्हर्नचे वीर परदेशी होते. भागवतांनी स्वतःचा नायक उभा केला तो मात्र फुरसुंगीचा: बनेश फेणे, पुण्यात शिकायला आलेला, सायकल दामटणारा, ‘ट्टॉक’ करणारा. साहसकथेचा नायक आपल्यासारख्या गावातून येऊ शकतो, हे खेड्यातल्या वाचकाला त्यातून कळले. मराठी बालसाहित्यातले हे फार मोलाचे काम आहे.

फुरसुंगी पुण्याच्या पूर्वेला, तर तसेच एक गाव, पिरंगुटजवळचे उरवडे, पश्चिमेला, मुळशी तालुक्यात. अशा गावातल्या बहुतेक मुलांचे पहिले पुस्तक म्हणजे शाळेचे. ती पुस्तके तयार करणाऱ्या ‘बालभारती’ची स्थापना १९६७ ची. १९७१ मध्ये तिने ‘किशोर’ मासिक सुरू केले. मराठीतल्या नामवंत लेखकांनी त्यात मुलांसाठी लिहिले. जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, त्यामुळे उरवड्याच्या मुलाला ते मोबाइलवरही उघडता येतील.

पण वाचणाऱ्या मुलाला आपले गावही पुस्तकात भेटायला हवे. मुळशीकडे त्यासाठी सामग्री भरपूर आहे: पावसातली भातखाचरे, टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला १९२१ चा सत्याग्रह, त्या धरणात गेलेली गावे, पिरंगुटचे कारखाने आणि तिथे पाळीवर जाणारे आईबाप. मुळशीत वाढलेल्या आणि लिहू पाहणाऱ्या तरुणांनी यातून आपला बनेश शोधावा, आणि पहिली गोष्ट गावच्याच शाळेत वाचून दाखवावी.